उंडखोलच्या घाण्याचा शनिवार

चढून दमलात ना? मग टेका त्या कट्ट्यावर. समोर गवत नसलेलं गोल रिंगण दिसतंय, ते हासाजी शनवार तेल्याच्या घाण्याचं. चारशे पावसाळे झाले, तिथे काडी उगवलेली नाही. त्यातले तीनशे मी स्वतः मोजलेत.

हासाजीचे पूर्वज म्हणे गलबत फुटून या किनाऱ्याला लागले. धर्माने यहुदी. देव वेगळा, सण वेगळे. जिभेवर मात्र मराठी आणि हातात उंडीच्या बियांचं तेल काढायचं कसब. शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा घाणा थांबे, तो शनिवारी चांदण्या दिसल्यावरच फिरे. गाव हसे. पण बंदरावरचा दिवा त्यांच्याच तेलावर जळे. दिवा पाहून गलबतं आत येत, गलबतांवर जकात बसे आणि जकातीवर राज्य चाले. शनिवारच्या दिव्याचं तेल हासाजी आदल्या दिवशीच काढून ठेवी.

असं सांगतात की, एकदा बंदरावर नवा हवालदार आला.

"सहा दिवसांत सात घागरी भरतोस. मग सातव्या दिवशी आठवी का नाही?"

"तो दिवस माझा नाही, सरकार. बैलाचाही नाही," हासाजी म्हणाला. "सहा दिवस आम्ही दोघं फिरतो. गुडघे बघा, कुणाचे कुठले ते ओळखू येणार नाही."

"उद्या घाणा फिरला नाही, तर परवा गाव सोडायचं."

एवढ्यावर न थांबता त्याने शनिवारची राखीव घागर वरिष्ठांना खूश करायला गडावर धाडून दिली.

शनिवारी शिपायांनी हासाजीचा बैल जुंपला. बैल खाली बसला. काठी मोडली, तरी बसलेलाच. गावातले बैल आणले. रिंगणात पाय पडताच तेही बसले. पाटलाचा तर म्हणे घोरायला लागला. दुपारी दर्यात सरकारी घोड्यांचं गलबत दिसलं. तिन्हीसांजेला ते खडकांपाशी पोचणार, आणि दिव्यात थेंब नाही! घाबरून हवालदाराने जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तो फिरला, फिरला, फिरतच राहिला. तेल निघालं ओंजळभर.

हासाजीची बायको रिबकाबाई तांब्या घेऊन आली. "प्या, दादा. पाणी देणं कामात मोडत नाही."

आभाळात तीन चांदण्या उमटल्या. हासाजी उठला. बैलही उठला, कुणी न सांगता. घटकाभरात घागर भरली. एवढ्यात कशी भरेल, असं मीही लहानपणी काकांना विचारलं होतं. टपली मिळाली. दिवा लागला, गलबत खडक टाळून आत आलं. हवालदाराने काहीच पाहिलं नाही. तो कडेला पाटलाच्या बैलाला टेकून झोपला होता, तोंड उघडं टाकून.

सकाळी हासाजी गाठोडं बांधून समोर उभा. हवालदाराला उठवेना.

"एक दिवस फिरलो रे मी," तो कण्हला. "ठेव ते गाठोडं. शनिवारी या बंदरात कुणाच्याच खांद्यावर जू नको."

आजही उंडखोलमध्ये शनिवारी काही जुंपत नाहीत. बैल संपले, म्हणून टेंपो उभे असतात. बंदर गाळाने भरलं, गलबतं गेली. तरी शुक्रवारी संध्याकाळी गाव त्या जुन्या दिव्यात तेल घालून ठेवतं. हासाजीच्या घरातली शेवटची म्हातारी मुलाकडे इस्रायलला गेली, तेव्हा कुलपाची किल्ली माझ्याकडे दिली. दार अजून उघडलेलं नाही. आणि आज शनिवार आहे, त्यामुळे उघडणारही नाही. बसा निवांत.