लावीचं जळकं पीस

एक होती लावी. इवलीशी. मातीच्या रंगाची. गवतात बसली, तर दिसायचीसुद्धा नाही. पण बोलायला लागली, की डोंगर ऐकायचा!

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी. वाडीच्या कडेला एक ओढा. ओढा कोरडा. पाण्याचा थेंब नाही, नुसता वाळका पाला. ओढ्याच्या अलीकडे उंच उंच गवत. गवतात लावीचं घरटं. घरट्यात ठिपक्याठिपक्यांची अंडी.

एके दिवशी काय झालं? ओढ्यापलीकडच्या डोंगरावर वणवा लागला. तड तड तड! वाऱ्यानं एक ठिणगी उडाली. भिरभिर भिरभिर आली. लावीच्या पंखावर बसली. चर्रर्र!

लावीचं पीस जळलं!

"अगं बाई! आज पीस गेलं. उद्या अंडी जातील. छे! मी जाऊ देणार नाही."

तिनं जळकं पीस पंखाखाली धरलं. आणि निघाली.

आता नीट ऐका. त्या वाडीची एक रीत होती. ऊन तापायच्या आधी ओढ्याकाठचं गवत कापायचं. लांबच लांब पट्टा उघडा करायचा. गवत नाही, तर आगीला खाऊ नाही! पहिला विळा चालवायचा बायजाकाकीनं. काकीनं कापलं, की मग सगळी वाडी कापायची.

आणि यंदा काकीनं कापलंच नव्हतं!

टुरुटुरु टुरुटुरु. लावी गेली बायजाकाकीकडे. काकी शेंगा सोलत होती. पट पट पट.

"काकी, काकी, पट्टा काप!"

"वणवा ओढ्यापलीकडे. इकडे कुठला येतोय?"

"हे बघ, माझं पीस जळलं!"

"चुलीत तोंड खुपसलं असशील! आणि माझ्या विळ्याची मूठ निघालीय. सुतारानं मूठ ठोकली, तर कापीन."

टुरुटुरु टुरुटुरु. लावी गेली रावजीमामा सुताराकडे. मामा रंधा मारत होता. खर्र खर्र.

"मामा, मामा, मूठ ठोक!
काकी पट्टा कापीना,
मला गप्प बसवेना!"

"वणवा ओढ्यापलीकडे. इकडे कुठला येतोय? काकी बघ, कशी निवांत शेंगा सोलतेय! आणि माझ्याकडे मुठीजोगं लाकूड कुठंय? बाभळीनं फांदी दिली, तर ठोकीन."

टुरुटुरु टुरुटुरु. लावी गेली बाभळीकडे. बाभूळ डुलत होती. सळ सळ.

"बाभळी, बाभळी, फांदी दे!
सुतार मूठ ठोकीना,
काकी पट्टा कापीना,
मला गप्प बसवेना!"

"वणवा ओढ्यापलीकडे. इकडे कुठला येतोय? मामा बघ, कसा निवांत रंधा मारतोय! आणि ही शेळी माझा पाला ओरबाडतेय. शेळी बाजूला झाली, तर देईन."

शेळीचं नाव चांदी. बाभळीवर पाय ठेवून उभी. करुम करुम.

"चांदी, चांदी, बाजूला हो!
बाभूळ फांदी देईना,
सुतार मूठ ठोकीना,
काकी पट्टा कापीना,
मला गप्प बसवेना!"

"वणवा ओढ्यापलीकडे. इकडे कुठला येतोय? बाभूळ बघ, कशी निवांत उभी आहे!"

"बाभळीला पाय असते, तर कधीच पळाली असती!" लावी म्हणाली.

"मला नको शिकवू. राखणीला कुत्रा आहे की! कुत्रा भुंकला, तर बाजूला होईन."

टुरुटुरु टुरुटुरु. लावी गेली भुऱ्या कुत्र्याकडे. भुऱ्या झोपला होता. घुर्र घुर्र.

"भुऱ्या, भुऱ्या, भुंक भुंक!
शेळी बाजूला होईना,
बाभूळ फांदी देईना,
सुतार मूठ ठोकीना,
काकी पट्टा कापीना,
मला गप्प बसवेना!"

भुऱ्यानं एक डोळा उघडला.

"वणवा ओढ्यापलीकडे. इकडे कुठला येतोय? शेळी बघ, कशी निवांत चरतेय!"

झालं! लावी तापली. पिसं फुलवली. केवढी झाली? लिंबाएवढी होती, ती मोसंबीएवढी झाली!

"शेळी बघते कुत्र्याकडे. कुत्रा बघतो शेळीकडे. अरे, डोंगराकडे कोण बघणार?"

भुऱ्या म्हणाला, "मी डोळ्यांनी नाही बघत. मी नाकानं बघतो. वास आला, तर भुंकेन."

"वास हवा? मग घे!"

लावीनं पंखाखालचं जळकं पीस काढलं. भुऱ्याच्या नाकावर ठेवलं.

"हुंग!"

फूं फूं. फूं फूं. भुऱ्याचे कान उभे. शेपूट उभी. भुऱ्या उभा!

"हा चुलीचा वास नाही! हा तर डोंगराचा धूर!"

भो! भो! भो!

भुऱ्या भुंकला, भो भो!
चांदी बाजूला झाली, टुणकन!
बाभळीनं फांदी दिली, कडकन!
मामानं मूठ ठोकली, ठक ठक!
काकीनं विळा चालवला, सप सप!

काकीचा विळा चालला, तशी वाडी धावली. हा विळा, तो विळा, सगळे विळे! सप सप सप! गवताच्या पेंढ्या बांधल्या. डोक्यावर घेतल्या. लांब नेऊन टाकल्या. ओढ्याकाठी, घरट्याच्या पुढं, राहिली नुसती माती. लाल लाल, उघडी उघडी.

तेवढ्यात, तड तड तड!

वणवा डोंगर उतरला. वणवा ओढ्यात आला. वाळका पाला खाल्ला, गपागप. ओढा ओलांडला की हो!

काकीचे डोळे मोठे झाले. "अरे देवा, हा तर आला!"

वणवा पट्ट्यापाशी आला. लाल जीभ बाहेर काढली.

"गवत द्या!"

काकी म्हणाली, "नाही!"

"थोडं द्या!"

मामा म्हणाला, "नाही!"

"एक काडी तरी द्या!"

लावी पट्ट्यावर येऊन उभी राहिली. इवलीशी. म्हणाली, "एक काडीसुद्धा नाही! पीस खाल्लंस ना माझं? तेवढंच!"

वणवा इकडे गेला. गवत नाही. तिकडे गेला. गवत नाही. मग वणवा छोटा झाला. अजून छोटा झाला. फुस्स!

विझला!

भुऱ्या नाचला. चांदी नाचली. बाभूळ डुलली. मामानं रंधा वाजवला.

काकी घरट्यापाशी आली. खाली वाकली. "लावीबाई, चुकलं गं माझं. मी म्हटलं, आग लांब आहे."

"लांबच होती," लावी म्हणाली. "पण तिला पाय होते. तू आपली शेंगा सोलत बसलीस!"

काकी हसली. सगळी वाडी हसली. आणि हसता हसता घरट्यात आवाज आला. टक. टक टक.

अंडी फुटली! पिल्लं बाहेर आली! चिव चिव चिव!

जळक्या पिसाच्या जागी लावीला नवं पीस आलं. आधीच्यापेक्षा लांब.

तेव्हापासून त्या वाडीत एक नवी रीत आहे. ऊन तापायच्या आधी काकी विळ्याची मूठ हलवून बघते. घट्ट आहे? घट्ट आहे! पट्टा कापते. पण घरट्याभोवतीच्या गवताला हात लावत नाही. ते लावीचं. जो कापेल, त्याच्यावर भुऱ्या भुंकेल!

आग गेली उपाशी,
पिल्लं निजली आईपाशी.