फाटक्या कानाचं अस्वल

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्हीही ऐका. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं. तिथं मुलांच्या वाढदिवसाला केक करायची रीत होती, आणि केकवर मुलाच्या आवडीचं चित्र साखरेनं काढायची. पालकाचा हिरवा, हळदीचा पिवळा, जळक्या साखरेचा तपकिरी, असे रंग करायचे. मग लोणी-साखर फेटून कापडाच्या सुरळीत भरायची आणि तिच्या टोकातून हळूहळू चित्र उमटवायचं. सारी आळी ते बघायला जमायची.

त्या नगरात सगुणा नावाची एक तरुण बाई हे काम नुकतीच शिकली होती. मुक्ताबाई नावाच्या वृद्ध कारागिणीकडे तिनं दोन वर्षं सुरळी धरायला शिकण्यात घालवली होती. मोर तर तिनं इतक्यांदा काढला होता की डोळे मिटूनही काढला असता. पण स्वतःच्या नावावर एकही केक तिनं अजून केला नव्हता.

पहिलं काम आलं ते ठकूचं. ठकू पाच वर्षांची होणार होती. तिचे वडील कड्यावरचा मध काढायचे. मागच्याच वर्षी दोर तुटून ते गेले होते. ठकूची आई तिला घेऊन सगुणाच्या दारात आली.

"हिला विचारा काय हवं ते," आई म्हणाली. "मला नीट सांगता यायचं नाही."

"मला भुल्या हवा," ठकू म्हणाली. "भुल्या अस्वल. त्याचा एक कान फाटलाय. पोट असं लोंबतं. तो मध शोधायला जातो आणि घरची वाट विसरतो. मग काय होतं माहितीये? त्याला आधी एक खार भेटते, ती म्हणते..."

सगुणाचा हात पिठात होता, भट्टी तापली होती. "कळलं हो मला," ती हसून म्हणाली. "फाटका कान, लोंबतं पोट. जा तू, मी करते छान."

ठकूनं तोंड मिटलं. आईचं बोट धरून ती निघून गेली.

वाढदिवसाच्या सकाळी सगुणानं केक भाजला आणि त्यावर अस्वल काढायला घेतलं. अस्वल तिनं आजवर कधी काढलं नव्हतं. पाठ वाकडी झाली, पोट एका बाजूला ओघळलं, कान फाटका काढताना जरा जास्तच फाटला. पण शेवटचा डोळा टेकवला आणि ते अस्वल तिच्याकडे असं बघू लागलं, की जणू खरंच वाट चुकून तिच्या दारात आलंय. तिला हसू आलं. हातून काहीतरी खरं झालंय असं तिला वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या दोन बायका डोकावल्या. दोघीही जुन्या कारागिणी.

"अगं बाई, हे काय?" एक म्हणाली. "अस्वल की भिजलेलं पोतं?"

"पहिलाच केक ना तुझा?" दुसरी म्हणाली. "सगळी आळी बघणार आहे हो. नंतर कोण बोलावील तुला?"

त्या गेल्या, पण त्यांचं बोलणं गेलं नाही. सगुणानं पुन्हा अस्वलाकडे पाहिलं. आता तिला नुसतं पोतंच दिसू लागलं. सुरी घेऊन तिनं ते खरवडून काढलं. मग हिरवी-निळी साखर भरली आणि सवयीच्या हातानं मोर काढला. पिसारा सारा केकभर पसरला. एक पीस इकडचं तिकडं नव्हतं.

संध्याकाळी केक बाहेर आणला तेव्हा लोकांच्या तोंडून "वा!" निघालं. त्या दोघी कारागिणींनीही माना डोलावल्या. ठकूला पाटावर उभं केलं. तिनं मोराकडे पाहिलं. मग ती पाटावरून उतरली आणि केकच्या मागच्या बाजूला जाऊन वाकून बघू लागली.

"काय शोधतेस गं?" सगुणानं विचारलं.

"भुल्या मागे आहे का?"

"अगं, मोर बघ ना किती सुंदर आहे!"

ठकूनं शहाण्यासारखी मान हलवली. "सुंदर आहे," ती म्हणाली. तिनं केक कापला, सगळ्यांना वाटला. स्वतः मात्र एक घासही खाल्ला नाही.

भांडी आवरताना ठकूच्या आईनं सगुणाला गाठलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"भुल्याची गोष्ट तिचे वडील सांगायचे. ते गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही. तुमच्या दारात त्या दिवशी पहिल्यांदा ती गोष्ट तिच्या तोंडून निघाली. वाटलं होतं, केकवर भुल्या दिसला की बोलेल, रडेल, मोकळी होईल."

"मी उद्याच दुसरा करते," सगुणा घाईनं म्हणाली. "उद्याच."

पण मोराची कीर्ती झाली होती. दुसऱ्या दिवशी तीन घरची बोलावणी आली, त्याच्या पुढच्या दिवशी पाच. सगळ्यांना मोरच हवा होता. उद्याचा परवा झाला, परवाचा पुढचा आठवडा झाला, आणि वर्ष सरलं.

ठकूच्या सहाव्या वाढदिवसाला सगुणा न बोलावता गेली. हातात केक होता आणि त्यावर भुल्या. वर्षभरात तिचा हात बसला होता. कान नेमका हवा तेवढाच फाटका होता, पोट नेमकं हवं तेवढंच लोंबत होतं. ठकूनं केककडे पाहिलं.

"हे कोण?"

"भुल्या! वाट विसरणारा. तूच नाही का सांगितलंस?"

ठकूनं कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. मग तिनं नाही म्हणून मान हलवली. तिनं एक तुकडा उचलून खाल्ला आणि म्हणाली, "गोड आहे, मावशी." आणि ती खेळायला पळाली.

"मला ती गोष्ट येत नाही," तिची आई हळूच म्हणाली. "त्या दोघांचीच होती ती. तुम्हाला तरी किती सांगितली होती तिनं?"

सगुणानं आठवून पाहिलं. खार भेटते, इथपर्यंतच. खार काय म्हणते, ते ठकू सांगणार होती आणि आपणच तिला थांबवलं होतं.

त्यानंतर सगुणानं पुष्कळ केक केले. मूल दारात आलं की ती हात धुऊन समोर बसायची आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत उठायची नाही. लोक तिला फार मोठी कारागीण म्हणायचे. पण भुल्या घरी कसा पोचला, हे त्या नगरात पुन्हा कुणालाच सांगता आलं नाही.

म्हणून सांगते, मागणाऱ्याचं मन सोडून आपली शोभा राखण्यासाठी दिलेलं काहीही, ते कितीही देखणं असलं तरी, रिकाम्या हातासारखंच असतं.