आधी गर्दी कमी करा

तीन राज्यांच्या सीमेवरच्या त्या वस्तीला दवाखाना हवा होता. तिथल्या राजक्काची सून बाळंतपणाला नेताना वाटेतच दगावली होती.

मंत्री भुजंगरावांची सभा ठरली. मैदान भरावं म्हणून त्यांनीच ट्रक पाठवून वस्ती उचलून आणली आणि कॅमेऱ्यांपुढे तिलाच सुनावलं, "तुम्ही गरीब का? भाषा तीन अन् पोरं ढीगभर! दवाखाना पुरणार कुणाकुणाला? आधी गर्दी कमी करा!"

"करते की, साहेब." राजक्का उठली. तेलुगू, गोंडी, मराठी, तिन्ही भाषांत तिने हाक दिली, "उठा, घरी चला!"

बायका उठल्या, मागोमाग पुरुष. भराभर खुर्च्या रिकाम्या झाल्या.

"अहो, बसा! कॅमेरे चालू आहेत!" मंत्री खालच्या आवाजात विनवू लागले.

"दवाखाना?"

"दिला, बाई, दिला!"

राजक्काने हात वर केला. सगळे थांबले.

"हेच माईकवर सांगा, साहेब. गर्दी ऐकतेय."