पोवळीचा चुडा आणि काळा बावटा

एका राज्यात तीन दिशांना डोंगर होते आणि चौथ्या दिशेला दर्या. दर्यात घुसलेल्या कड्यावर एक उंच काठी होती. तुफान यायचे असले की काठीवर काळा बावटा चढे, आकाश निवळलेले असले की पांढरा. गलबतांचे नाखवे सकाळी आधी बावटा बघत, मग देवाला हात जोडत. देवालाही त्याचे वाईट वाटत नसे.

राजाचे नाव शूरकेतू. माणूस वाईट नव्हता, पण लोभाला औषध नाही. एका वर्षी दूरच्या बेटांवर मोत्यांचा बाजार भरला. आपले गलबत सर्वांआधी पोचावे म्हणून त्याने निरभ्र आकाशाखाली काळा बावटा चढवला. इतरांची गलबते बंदरात अडकून पडली. राजाचे एकटे गेले आणि पेटारा भरून मोती घेऊन आले.

हे पाहिले वाऱ्यांचा स्वामी प्रभंजन मांत्रिक याने. तो म्हणाला, "राजा, तुझा बावटा खोटे बोलला. आता तो खरे बोलेल तेव्हा कोणाला कळणार नाही. काळा बावटा दर्यावर्दींना पांढरा दिसेल, काठी रिकामी ठेवलीस तरी पांढराच दिसेल. तोंडी कोणी सावध करू गेले, तर त्यांच्या कानी 'वारा अनुकूल आहे' एवढेच पडेल."

पुढल्याच तुफानात कित्येक गलबते बुडाली. त्या दिवसापासून राजा दर्याकडे पाठ करून जेवू लागला.

राजाची सून पोवळी, ही गलबतावरच्या तांडेलाची लेक. त्या किनाऱ्याची रीत अशी, की नवरीने लग्नात उजव्या हातातला चुडा दर्याला द्यायचा आणि म्हणायचे, "माझा धनी सांभाळ." मग जन्मभर तिचा उजवा हात मोकळाच. पण राजवाडा म्हणाला, "राजाची सून लंकेची पार्वती दिसता कामा नये." पोवळीचे दोन्ही हात सोन्याने भरले. तिच्या मनात ते खुपत राहिले.

एकदा तिचा पती जयकेतू मोठा ताफा घेऊन परतत होता. ताफा समोरच्या बेटाच्या आडोशाला नांगरून थांबला. सकाळी पांढरा बावटा दिसला, की निघायचे. तेव्हा काठीवर बसलेला कुरव पक्षी बोलला, "पोवळी, उद्या तुफान येते आहे. ताफा आडोशाला राहिला तर वाचेल. उघड्यावर आला तर फळीसुद्धा हाती लागणार नाही."

पोवळी म्हणाली, "उपाय सांग."

"तीन आहेत. मोती दर्याला परत कर. प्रभंजनाकडून बावट्यासाठी काळोख आण. आणि ज्या घरचा माणूस या बावट्यापायी बुडाला, त्या घरच्या हाताने दोर ओढवून घे."

पोवळी सासऱ्यापुढे उभी राहिली. "मामंजी, खजिन्याची किल्ली." राजाने किल्ली दिली. तिच्याकडे बघण्याचे धाडस त्याला झाले नाही.

तिने पेटारा दर्यात लोटला. लाटेने तो परत आणून पायाशी ठेवला. पुन्हा लोटला, पुन्हा आला. दर्या म्हणाला, "हे तर माझेच मला देतेस. तुझे काय?" पोवळीने उजव्या हातातला चुडा उतरवला, मोत्यांवर ठेवला आणि म्हणाली, "माझा धनी सांभाळ." पेटारा दगडासारखा तळाला गेला.

मग ती प्रभंजनाच्या गुहेत गेली. तिथे भिंतीला पोत्यांत बांधलेले वारे टांगले होते.

"कोण तू?"

"लबाडाची सून."

"सांगायला लाज वाटत नाही?"

"वाटते, म्हणून तर आले."

प्रभंजन हसला. एका पोत्यातून त्याने ढगाचा काळोख काढला आणि घडी करून तिच्या हातात दिला.

उरला तिसरा उपाय, त्यासाठी ती गावातल्या भिवराकडे गेली. भिवराचा धनी त्या पहिल्या तुफानात गेला होता. ती दारात जाळे विणत होती. पोवळीने दोराचे सांगितले, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली,

"त्या दिवशी मला बावटा काळा दिसत होता, पोरी. मी म्हणाले, जाऊ नका. त्यांच्या कानी काय पडले देव जाणे! हसत हसत गेले. आता त्याच दोराला मी हात लावू? राजाच्या पोरासाठी?"

पोवळीने डोळे पुसायला उजवा हात उचलला. भिवराने तो पाहिला.

"चुडा कुठे गेला?"

"दर्याला दिला. उशीर झाला, मावशी."

भिवराने जाळे खाली ठेवले. "त्या गलबतांवर आपल्याच आळीची पोरे आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. "चल."

दिवस उगवताना कड्यावर सारा गाव जमला. काळोख पांघरलेला बावटा वर चढू लागला. खाली म्हातारा राजा अनवाणी उभा राहून दोराचे वेटोळे सोडवून देत होता. दोर ओढता ओढता भिवराच्या तोंडून नकळत तेच शब्द निघाले, "जाऊ नका!"

तुफान आले, गरजले, ओसरले. ताफा आडोशालाच होता. तिसऱ्या दिवशी सगळी गलबते बंदराला लागली. जयकेतू उतरला आणि म्हणाला, "आम्हाला वारा अनुकूल वाटत होता. नांगर उचलणार, तोच बावटा काळा दिसला. आणि एका बाईचा आवाज आला, जाऊ नका."

भिवराने इतक्या वर्षांचे रडून घेतले. पोवळीने तिला आपल्या मोकळ्या हाताने धरून ठेवले.

शाप सरला. राजा दर्याकडे तोंड करून जेवू लागला. पोवळीचा उजवा हात जन्मभर मोकळा राहिला, आणि राजवाड्यात कोणी चकार शब्द काढला नाही. भिवराची हाक जशी वेळेवर पोचली, तशी तुमच्याआमच्या माणसांना पोचो.