बाळशेटांच्या रंगशाळेत चाकरच नाहीत

कोंडाबाईचा हात कापड रंगवायच्या उकळत्या रंगात पोळला आणि बाळशेट रंगवाल्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, "ती माझी चाकरच नाही."

देवघाट संस्थानचा कायदा होता: काम करताना चाकराला इजा झाली, तर तो बरा होईपर्यंत औषधपाणी आणि पगार मालकाने द्यायचा. म्हणून बाळशेटांनी रंगशाळेत कुणाला चाकर म्हणायचंच सोडलं होतं.

कोंडाबाईची सून सारजाही तिथेच कामाला. ती दरबारात गेली. महाराजांनी शेटांना बोलावलं.

"शेटजी, ही माणसं तुमची कोण?"

"कुणी नाहीत, महाराज. सगळे आपल्या मर्जीचे मालक. वाटलं तर येतात, वाटलं तर जातात."

महाराज मोठे हट्टी. सारजाला म्हणाले, "ही तुमची माणसं आहेत, हे शेटजींच्याच तोंडून ऐकव. पण त्यांच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर दावा रद्द."

सगळा दरबार हसला. सासूचा हात बरा व्हायला महिने लागणार होते आणि चूल दोघींच्या कमाईवर पेटत होती. वाटेत सारजाला शेटांचंच बोलणं आठवलं: वाटलं तर येतात, वाटलं तर जातात. ती तशीच माघारी वळली आणि कारागिरांच्या घरोघर फिरली.

सकाळी रंगशाळेत चिटपाखरू नव्हतं. सगळे कारागीर राजवाड्याच्या अंगणात, चिंचेच्या सावलीत गप्पा हाणत बसले होते. सज्जातून महाराज बघत होते.

दुपार व्हायच्या आत बाळशेट धापा टाकत आले. लग्नाचे फेटे अर्धवट रंगवून पडले होते.

"कुणाला विचारून काम टाकलंत? उठा आधी! जो येणार नाही, त्याला आत्ताच्या आत्ता कामावरून काढून टाकीन!"

सारजाने मान वर करून सज्जाकडे पाहिलं. "महाराज, आता बोलू?"

"बोल."

"शेटजी आम्हाला कामावरून काढतायत. पण ठेवलंच नव्हतं, तर काढणार कुठून?"

महाराज इतके हसले, की सज्जाचा कठडा धरावा लागला. कोंडाबाईचं औषधपाणी आणि पगार शेटांच्या माथी बसला आणि संस्थानातल्या सगळ्या कारखान्यांवर देखरेख करायला महाराजांनी सारजाला नेमलं, पगारी.