गालातलं पान

होते एक जिवबानाना चितारी. त्यांच्या हाताखाली दोघे सख्खे भाऊ, थोरला खंडू अन् धाकटा भैरू. भैरू शहराला निघून गेला. खंडू आईपाशी राहिला, नानांपाशी राहिला. त्यांची ही गोष्ट. मनात कुणाचं काही सलत असेल, त्यानं जरा पुढं सरकून ऐकावी.

कोल्हापुरातल्या एका देवळाचं शिखर रंगवायचं काम आलं. नाना अन् खंडू एस.टी.तून उतरले, चालत निघाले. शहरातल्या भिंतींवर माणसं चितारलेली. कुठं पैलवान, कुठं फुलवाली, दोन-दोन मजली. खंडू मजेत बघत चाललेला.

वळणावर पाय थबकले.

भिंतभर त्याची आई! डोक्यावर जळणाची मोळी, अनवाणी निघालेली, मान वळवून मागं बघणारी. खाली पायाशी भैरूचं नाव.

नाना बघतच राहिले. मग म्हणाले, "वा!"

झालं. मिसरूड फुटल्यापासून खंडू ह्या एका शब्दासाठी नानांचे ब्रश धूत आला होता.

"नाना, कान बघा. केवढा काढलाय!"

"तुझ्या आईचा आहेच तेवढा."

"ती अंथरुणाला खिळली, तेव्हा हा कुठं होता? औषधपाणी मी केलं, पाय मी चोळले. अन् तिला घेऊन भिंतीवर मिरवतोय हा!"

"हं."

"नुसतं हं?"

नाना परत चित्र बघू लागले.

खंडू तरातरा टपरीवर गेला. तंबाखूचं पान गालात कोंबलं, कचाकचा चावत परत आला अन् भैरूच्या नावासमोर उभा ठाकला. गाल टम्म फुगलेले.

नानांना कळलं. ना त्यांनी हात धरला, ना डोळे वटारले. धोतर आवरून बाजूला झाले तेवढे.

"थुंक."

"ऊं…?"

"थुंक की, लेका. नेम तेवढा नीट धर. नाव पायांना चिकटून आहे."

खंडूनं पायांकडं पाहिलं. त्या टाचा. ज्यांना तो आमसुलाचं तेल चोळायचा, त्याच. भैरूनं एक भेग सोडली नव्हती.



"किती वेळ धरशील?"

खंडूचा कंठमणी वर गेला, खाली आला. गिळलं त्यानं. सगळं.

पुढं त्या घराचं भलं झालं. भैरू सणावाराला घरी येऊ लागला, भावाभावांनी मिळून कामं धरली, म्हातारीनं दोघांची पोरं मांडीवर खेळवली. तसंच तुमच्याही घरी होवो. पण ते मागाहून.

त्या घडीला खंडूला दरदरून घाम फुटला, उचकी लागली, डोळ्यांपुढं सगळं गरगरलं. नानांच्या खांद्यासाठी त्यानं हात पुढं केला.

नाना एक पाऊल मागं सरले.

"मला नको. भिंतीला धर."