कधीच न मळणारी गाळणी

राजा कीर्तिध्वजाच्या बागेतल्या तळ्यात आज पुन्हा चार मासे उलटे तरंगले! साधेसुधे नव्हेत, पूर्वेच्या बेटांवरून गलबतातून आणलेले, हातभर लांबीचे केशरी-पांढरे कोई मासे. आणि पाणी? हिरवंगार, दाट, नाक धरावं असं!

तळ्याला गाळणी नव्हती असं नाही. काठावर गोट्यांनी भरलेला हौद होता. रहाटाने तळ्याचं पाणी त्यात पडे आणि गोट्यांतून झिरपत पुन्हा तळ्यात उतरे. पण या हौदावर नेमणूक झाली होती पद्मनाभपंतांची. पंतांनी उभ्या जन्मात पाण्याला हात लावला होता तो फक्त चूळ भरायला. त्यांचा हुकूम एकच : रोज सकाळी एकेक गोटा बाहेर काढा, राखेने घासा, चकचकीत करून परत ठेवा! राजा फेरीला येई, चमकणारे गोटे पाही आणि पंतांची पाठ थोपटी. मासे मरत होते ते मरतच होते.

शेवटी म्हातारा सटवाजी माळी न राहवून बोलला, "महाराज, गोट्यांवरचा बुळबुळीत थर घासू नका. तोच पाण्यातली घाण खातो."

"घाण म्हणे घाणीला खाते!" पंत खो खो हसले. "महाराज, याला घासायचा कंटाळा आलाय!"

राजाचा पारा चढला. आधीच हट्टी माणूस, त्यात पंत कान भरायला! "सटवाजी, आठ दिवसांत मला अशी गाळणी आणून दे, जी सगळी घाण अडवेल, पण स्वतः कधीच मळणार नाही. नाहीतर खोपटं सोड आणि राज्याबाहेर चालता हो!"

सटवाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. चाळीस वर्षं राबला ती बाग सुटणार म्हणून त्याला रडू फुटलं. त्याची मुलगी सगुणी मात्र भडकली.

"कामावर असायचं आणि मळायचं नाही! बाबा, हे फक्त पंतांनाच जमतं. डोळे पुसा. गाळणी मी देते."

आठव्या दिवशी तळ्याकाठी सगळा दरबार जमला. सगुणीने फडक्यात गुंडाळलेली वस्तू राजासमोर धरली आणि फडकं काढलं. चाळणीचं नुसतं गोल कडं!

"थट्टा करतेस?" राजा गरजला. "जाळी कुठाय?"

"जाळी लावली तर घाण अडकेल, महाराज. घाण अडकली की गाळणी मळली. तुमचा हुकूम कसा मोडू?"

तिने तांब्याभर हिरवं पाणी कड्यातून ओतलं. ते थेट पंतांच्या नव्या जोड्यांवर पडलं.

"बघा, कड्याला डाग तरी लागलाय का?"

"पण घाण अडली कुठे?"

"नाहीच अडली! म्हणून तर मळलं नाही. पंतांच्या हौदात इतके दिवस हेच चाललंय, फक्त गोटे घालून!"

"महाराज, हिला फटके द्या!" पंत जोडे झटकत किंचाळले.

"द्या की! पण आधी आमच्या परसात चला."

खोपटामागे दगडी डोणीत काचेसारखं पाणी होतं आणि त्यात एक गुबगुबीत कोई मासा मजेत फिरत होता.

"पंतांनी मेला म्हणून उकिरड्यावर टाकायला लावलेला हा मासा," सगुणी म्हणाली. "धुगधुगी होती, मी उचलून आणला. दोन महिने डोणीतलं पाणी या भोकाच्या मडक्यातल्या गोट्यांवरून रोज ओततेय. गोटे एकदाही घासले नाहीत."

तिने मडक्यातला एक तपकिरी, बुळबुळीत गोटा काढला आणि सरळ राजाच्या तळहातावर ठेवला.

"ही खरी गाळणी, महाराज. ही मळते, म्हणून पाणी मळत नाही."

राजाने गोट्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, मग पंतांच्या भिजक्या जोड्यांकडे पाहिलं आणि पोट धरून हसत सुटला!

"ते कडं पंतांच्या गळ्यात घाला! आणि सटवाजी, आजपासून तळं तुझं, हौद तुझा, खोपटाच्या जागी पक्कं घर! पोरी, तुला काय हवं?"

"एवढंच, महाराज. हौदाजवळ कोणी राख घेऊन आला, तर त्याला तळ्यात ढकलायची परवानगी द्या."

"दिली! आणि मीच आलो तर?"

"तुम्ही आलात तर," सगुणी हात जोडून म्हणाली, "आधी मासे बाहेर काढीन!"

राजा इतका हसला की त्याचा मुकुटच डोणीत पडला. तो त्याने तिथल्या तिथे सगुणीला देऊन टाकला.